मागे वळून बघायचे नाही

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे, हे खरे तर सांगायची गरज पडू नये. माझ्याकडे एकदा नीट बघा. राखाडी रंग, तोही कोपऱ्यांवरून उडालेला. पुढे एक जाड भिंग, वर दोन दांडे आणि त्यांवर फिल्मची चक्रे अडकवायच्या खुंट्या. वजन इतके की मला उचलायला आलेला माणूस आधी मला बघतो आणि मग आजूबाजूला दुसरे कोणी रिकामे आहे का ते बघतो. तुमच्या खिशातल्या फोनवर जगातले सगळे पिक्चर दिसतात म्हणे. दिसोत बापडे. पण माझा दिवा लागला की साठ मुलांचा वर्ग एका क्षणात चिडीचूप व्हायचा. तुमच्या फोनला हे जमते का, विचारा त्याला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबच लांब टेबल होते आणि त्यावरून आम्ही भावंडे एकामागून एक सरकत होतो. माझ्या पोटातले बारीक स्क्रू बसवणाऱ्या सगळ्या बायका होत्या. 'बारीक कामाला बायकांचीच बोटे हवीत' असे तिथला मुकादम म्हणायचा. मग टेबलाच्या शेवटी माझ्या पेटीच्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवले गेले. फिल्म कशी ओवायची ते दाखवणारे चित्र. त्यात टाय लावलेला, भांग पाडलेला एक रुबाबदार गृहस्थ मला हात लावून उभा होता. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही. आज सांगताना मात्र हसू येते, कारण आख्ख्या आयुष्यात टाय लावलेला माणूस मला चालवायला कधी आलाच नाही.

मी या शाळेत आलो तेव्हा माझे कोण कौतुक झाले! दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत मला खास टेबल मिळाले. मुख्याध्यापकांनी भिंतीवर पाटी लावली, 'शिक्षकांव्यतिरिक्त कोणीही यंत्रास हात लावू नये.' आणि मला शास्त्राच्या सरांच्या ताब्यात दिले.

शास्त्राचे सर म्हणजे लाखमोलाचा माणूस. आवाज असा खणखणीत, की मधल्या सुट्टीत त्यांनी नुसता घसा खाकरला तरी पटांगण थांबायचे. ग्रहतारे, बेडूक, लोहचुंबक, काहीही शिकवू देत, मुले तोंडाचा आ करून ऐकायची. फक्त यंत्राला हात लावायची वेळ आली की त्या भरभक्कम हातांना कापरे भरायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'पाण्याचा प्रवास' नावाची फिल्म चढवली. अर्ध्या मिनिटात फिल्म अडकली. दिवा तसाच जळत राहिला. भिंतीवर नदी वाहत होती, तिच्या मधोमध एक तपकिरी ठिपका उठला, तो फुगला, पसरला आणि नदीला भोक पडले. मुलांना वाटले, पिक्चरमध्येच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा मात्र पाहवत नव्हता.

वर्ग गेल्यावर सर माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसले. कोपऱ्यातल्या मोरीपाशी प्रयोगशाळेच्या मावशी काचनळ्या धूत होत्या. तरुण होत्या तेव्हा, बोलायला कमी आणि बघायला तरबेज.

"सर, राग येणार नसेल तर एक बोलू का?"

"बोला मावशी. आता आणखी काय व्हायचं राहिलंय!"

"तुम्ही ती पट्टी फार ताणून बसवलीत. माझ्या घरच्या शिलाई मशीनचा दोरा असा ताणला तर तोही तटकन तुटतो. इथं वर आणि इथं खाली जरा सैल सोडून बघा."

"सैल म्हणजे किती?"

मावशींनी ओले हात फडक्याला पुसले, फिल्मला एक गोल वळसा दिला आणि त्यात आपली दोन बोटे घातली. "एवढी," म्हणाल्या.

माझ्या अंगातून जे सरसर वारे गेले ते मी कधी विसरणार नाही. मी सुरळीत चालू लागलो. उरलेली नदी समुद्राला मिळाली, आणि ती पाहायला खोलीत फक्त सर, मावशी आणि धुतलेल्या काचनळ्या होत्या.

त्या दिवसापासून आमचे तिघांचे ठरूनच गेले. सर पुढे उभे राहून समजावून सांगायचे, मावशी मागे उभ्या राहून मला चालवायच्या, आणि मध्ये सगळा अंधार. सरांनी वर्गाला एक नियम घालून दिला होता. दिवे मालवायच्या आधी ते गरजायचे, "मागे वळून बघायचं नाही! दिवा डोळ्यांत जातो!" दिवा डोळ्यांत जातो हे काही खोटे नव्हते. पण खरे कारण भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेले होते. मावशींना मला हात लावताना कोणी पाहिले असते, तर त्यांची नोकरी गेली असती आणि सरांना जाब द्यावा लागला असता.

माझे एक रजिस्टर होते. तारीख, फिल्मचे नाव, वर्ग आणि चालक असे त्याचे चार रकाने. 'चालक' या रकान्यात सर आपली ऐसपैस सही करायचे आणि दर वेळी ओशाळून म्हणायचे, "मावशी, ही चोरी आहे बरं का."

"असू द्या सर," मावशी म्हणायच्या. "तुमचीही नोकरी राहील, माझीही राहील. पोरांना पिक्चर दिसला म्हणजे झालं."

मावशींचे स्वतःचे रजिस्टर वेगळेच होते. फिल्मच्या प्रत्येक डब्यात त्या पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवायच्या. 'चौथ्या मिनिटाला सांधा. हात जवळ ठेव.' 'सुरुवात फाटकी आहे, हळू.' 'दिवा फडक्याने धर, बोटांनी नको.' सांधा म्हणजे फिल्म तुटून पुन्हा चिकटवलेली जागा. अक्षर गोल, ठसठशीत. या चिठ्ठ्या त्या स्वतःसाठीच लिहायच्या, पण वाचताना वाटायचे की पुढे कोणीतरी येणार आहे आणि त्याची सोय करून ठेवली आहे.

मित्रांनो, अशी बावीस वर्षे गेली. मी किती पिक्चर दाखवले याची गणती नाही. त्यातला एक मात्र तुम्हाला सांगायलाच हवा. त्याचे नाव 'घर आणि वीज'. अकरा मिनिटांचा. त्यात एक नीटनेटके कुटुंब असते. अचानक घरातली वीज जाते. आई घाबरून म्हणते, "अगं बाई, गेली वाटतं!" आख्ख्या पिक्चरमध्ये तिला तेवढे एकच वाक्य आहे. मग बाबा बाह्या सरसावून येतात, मुलगा त्यांना पक्कड देतो, मुलगी पाण्याचा पेला आणते आणि आई भिंतीशी मेणबत्ती धरून उभी राहते. वरून निवेदकाचा भारदस्त आवाज सांगतो, 'यंत्राचे काम बाबांवर सोपवून आई निश्चिंत होते.' नेमक्या याच वाक्याला, अगदी दर वर्षी, माझे चाक कुरकुरायचे आणि मावशी अंधारात मला तेलाचा थेंब द्यायच्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा तर माझाच होता.

एकदा मोठे अधिकारी शाळा तपासायला आले. पिक्चर पाहून खूश झाले. सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा! यंत्रावर काय हात बसलाय तुमचा!" सरांचे कान लाल झाले. तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी तो माझ्यापासून चांगला हातभर लांब ठेवला, जणू मी चावतो. नाटक करावे तर असे. अधिकारी गेल्यावर दोघे इतके हसले की सरांना ठसका लागला.

पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते यंत्रांनाही चुकत नाही. शाळेत टीव्ही आला, मग संगणक आला. आधी मी आठवड्यातून एकदा चालायचो, मग महिन्यातून, मग पाहुण्यांना दाखवण्यापुरता. सर निवृत्त झाले. चार वर्षांनी मावशीही. त्यांच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला पुसले, तेल दिले, जास्तीचे दोन दिवे कापसात गुंडाळून पेटीत ठेवले आणि घरून शिवून आणलेली जाड कापडाची खोळ माझ्यावर चढवली. "बस आता निवांत," एवढेच म्हणाल्या. मला कोणी अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवले ते आठवत नाही. सर गेल्याची बातमी मला तिथेच कळली, दाराबाहेर दोन शिपाई बोलत होते तेव्हा. मला रडता येत नाही. खोळीच्या आत नुसता बसून राहिलो.

मी तक्रार करणार नाही. खोळ घट्ट होती, धूळ आत आली नाही. उंदरांनी एकदा येऊन वास घेतला आणि परत गेले. वर्षे कशी गेली, कळले नाही.

मग एका सकाळी खोळ निघाली आणि माझ्यासमोर चार चेहरे दिसले. दोन मुली, दोन मुलगे. एक मुलगी उंच, काटकुळी, कानावर कायम पेन्सिल खोचलेली. तिला सगळे 'पेन्सिल'च म्हणत. एक मुलगा होता त्याने वर्गातले घड्याळ उघडून पुन्हा जोडले होते, म्हणून तो 'इंजिनियर'. घड्याळ आता पाच मिनिटे पुढे जायचे, पण पदवी कायम राहिली. दुसऱ्या मुलाकडे फोनचा कॅमेरा होता आणि दुसऱ्या मुलीकडे जाडजूड वही. त्यांच्या मागे त्यांच्या वर्गाच्या बाई.

बाईंनी त्यांना काम मोठे मजेदार दिले होते. शाळेतले जुने शैक्षणिक पिक्चर शोधायचे, त्यांत बाई काय करते आणि पुरुष काय करतो ते घड्याळ लावून मोजायचे, आणि त्यावर स्वतःचा दहा मिनिटांचा व्हिडिओ बनवायचा. असे व्हिडिओ पाच-सहा शाळा बनवत होत्या आणि एका शनिवारी ते सगळ्यांसमोर दाखवायचे होते.

"हे यंत्र मला चांगलं आठवतं," बाई म्हणाल्या. त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी. "शास्त्राचे सर चालवायचे. काय सफाई होती! आणि मागे वळून बघायची सोय नाही."

मला ओरडावेसे वाटले, 'अहो बाई, मग तुम्ही पाहिलेत कधी?' पण माझे तोंड म्हणजे भिंग. त्यातून फक्त उजेड बाहेर पडतो.

चौघांनी मिळून मला उचलून पुन्हा प्रयोगशाळेत नेले आणि कामाला सुरुवात केली. माझ्या पट्ट्याचा भुगा झाला होता. इंजिनियर शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे गेला आणि चामड्याचा पट्टा कापून घेऊन आला. हुशार खराच. कापसातला दिवा लावला आणि मी पेटलो. किती वर्षांनी! माझी खडखड ऐकून शेजारचा वर्ग धावत आला.

'पाण्याचा प्रवास', 'दातांची निगा' आणि आणखी एक असे तीन पिक्चर त्यांनी पाहिले. इंजिनियर मला चालवायचा, दुसरा मुलगा चित्रीकरण करायचा, आणि मुली अंधारात बसून मोजायच्या. एकदा पेन्सिल म्हणाली, "मी लावू का फिल्म?" तर इंजिनियर म्हणाला, "तुझं अक्षर छान आहे, तू लिही ना." आणि ती लिहायला बसली! कशावर व्हिडिओ करतो आहोत हे चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. पण मोजणी तिने अशी केली की बाईही चाट पडल्या. तिन्ही पिक्चर मिळून आई अकरा वेळा कोणाला तरी पाणी देते आणि स्वतः एकदाही पीत नाही. तिचे हात दिसतात दोन मिनिटे आणि चेहरा दिसतो वीस सेकंद.

डब्यांतल्या चिठ्ठ्या सापडल्या तेव्हा तर मुले हरखून गेली. "सरांच्या चिठ्ठ्या!" रजिस्टरही सापडले. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्यांचे चित्रीकरण झाले. एका बाजूला सरांची तिरकी, ऐसपैस सही, दुसऱ्या बाजूला गोल ठसठशीत अक्षर. आठ दिवस ते दोन कागद असे एकमेकांना चिकटून पडले होते आणि कोणाला शंका आली नाही. पेन्सिलने निवेदन लिहिले, 'आमच्या शाळेत हे यंत्र शास्त्राचे सर स्वतः चालवत असत. त्यांनी लिहिलेल्या या सूचना पाहा.' ते तिने ध्वनिमुद्रित केले आणि व्हिडिओ जवळजवळ पुरा झाला.

राहिला 'घर आणि वीज'. फिल्म वाळून कडक झालेली, एकुलती एक. म्हणून ती शेवटी ठेवली होती. बाईंना एक कल्पना सुचली. "तुमच्या आज्यांना बोलवा. हे पिक्चर शाळेत लागायचे तेव्हा त्या पिक्चरमधल्या आईच्याच वयाच्या होत्या. त्यांना समोर बसवा, पिक्चर दाखवा आणि काय वाटतं ते विचारा. व्हिडिओचा शेवट तोच."

गुरुवारी दुपारी चार आज्या आल्या. पायातल्या चपला दाराशी काढून शेवटची आजी आत आली, आणि माझा दिवा लागलेला नसतानाही मला ऊब आली. मावशी! केस पांढरे, पाठ जराशी वाकलेली, पण खोलीवरून नजर फिरवायची तऱ्हा तीच.

"आजी, तू इथं बस, पुढं," पेन्सिल म्हणाली.

मित्रांनो, पेन्सिल मावशींची नात! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपली आजी या शाळेत मावशी होती, काचनळ्या धुवायची, एवढे तिला ठाऊक होते. त्यापुढे कोणी सांगितले नव्हते आणि तिने विचारले नव्हते. मावशींनी माझ्याकडे पाहिले. अंगावरची खोळ काढून बाजूला घडी करून ठेवलेली पाहिली. आणि जाऊन खुर्चीवर बसल्या.

पिक्चर सुरू झाला. त्या डब्यातली चिठ्ठी मला पाठ होती. 'सातव्या मिनिटाला सांधा. वळसा जातो. दोन बोटे.' मुलांनी त्या चिठ्ठीचे तीन बाजूंनी चित्रीकरण केले होते, निवेदनात ती वाचूनही दाखवली होती. पण ती आपल्याला सांगते आहे, असे कोणाच्या मनात आले नाही.

सातवे मिनिट आले. वळसा गेला, फिल्म ताणली गेली. भिंतीवरचे बाबा वरखाली उड्या मारू लागले, मी खडाखडा वाजू लागलो. इंजिनियरची तारांबळ उडाली. त्याने घाईघाईने चक्र थांबवले, आणि दिवा तसाच राहिला. बाबांच्या नाकावर तपकिरी ठिपका उठला.

"दिवा! आधी दिवा विझव!"

पहिल्या रांगेतून आवाज आला होता. मावशी उठून उभ्या होत्या आणि सरांचा नियम मोडून सरळ मागे वळल्या होत्या. दिवा विझला. त्या खुर्च्यांमधून वाट काढत आल्या, इंजिनियरला हाताने हलकेच बाजूला केले आणि माझ्या कडेची झडप उघडली. सांधा सुटला होता, दोन चौकटी जळल्या होत्या.

"कात्री आण. चिकटपट्टी आण, बारीक बघून. आणि एक टाचणी."

जळका तुकडा कापला, टोकाला टोक जुळवले, पट्टी लावली, टाचणीने फिल्मच्या कडेचे एकेक भोक मोकळे केले. मग वळसा दिला आणि त्यात दोन बोटे घातली. बोटे आता सुरकुतलेली, पण माप तेवढेच. माझ्या जिवात जीव आला.

बाई पुढे आल्या. "मावशी, हे तुम्हाला..."

"मला म्हणजे काय? बावीस वर्षं..." आणि मावशींनी जीभ चावली. त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे पाटी नव्हती, नुसता चौकोनी डाग होता.

पेन्सिलने टेबलावरची चिठ्ठी उचलली. एकदा चिठ्ठीकडे, एकदा आजीकडे पाहिले. "आजी, असंच अक्षर आपल्या घरच्या बरण्यांवर आहे. आठ दिवस बघतेय मी. मला कसं कळलं नाही?"

"कळायला काय, तू बरणीत थोडीच शोधत होतीस," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे हे सगळे पिक्चर तू दाखवायचीस? मग तुला तर पाठ असतील!"

"छे गं. भिंतीकडे बघायला फुरसत कुठली? वळसा जातो का, सांधा येतो का, यातच डोळे. समोर बसून आज पहिल्यांदाच बघत होते, तर यानं तोडला."

इंजिनियर खाली मान घालून उभा होता. मग चुळबुळत म्हणाला, "पण आपला व्हिडिओ झालाय. परवा दाखवायचाय. आणि आपला विषय पिक्चरमधल्या बायका आहे, पिक्चर चालवणाऱ्या नाही."

"विषय?" पेन्सिल उसळली. "आपण त्या आईचे सेकंद मोजत बसलो आणि ही इथं मागं उभी होती! मी माझ्या हातानं लिहिलंय की सर चालवायचे. ते वाक्य मी शनिवारी सगळ्यांपुढं ऐकणार नाही."

"ऐक माझं," मावशी म्हणाल्या. "माझं नावबिव काही घालू नका. सरांनी नियम मोडला, खोटी सही केली, असं होईल. ते भले होते. आता उत्तर द्यायला नाहीत."

"मावशी नको म्हणाल्या तर घालता येणार नाही," बाई हळूच म्हणाल्या. "चुकीचं वाक्य तेवढं काढून टाकू."

"आणि त्या जागी काय?" पेन्सिलचे डोळे भरून आले होते. "काहीच नाही? मोकळं?"

मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ते नंतर बघू. आधी मला उरलेला पिक्चर दाखवा. लावतंय कोण?"

सगळ्यांनी इंजिनियरकडे पाहिले. तो मागे सरकला. "मी नाही."

"तू ये," मावशी नातीला म्हणाल्या. पेन्सिलने कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. तिने वळसा दिला आणि तिची दोन्ही बोटे त्यात बरोबर गेली. मावशी जाऊन पुढे बसल्या. मी सुरू झालो.

फिल्म थोडी मागे घेतली होती, म्हणून बाबा पुन्हा बाह्या सरसावून आले. मुलाने पक्कड दिली. आई भिंतीशी मेणबत्ती धरून उभी राहिली. आणि मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"अगं, थांब थांब! यानं मेन स्विच बंद केला का?"

पेन्सिलने आधी दिवा विझवला, मग मला थांबवले, फिल्म मागे फिरवून पुन्हा दाखवली. सगळे डोळे फाडून बघत होते. नव्हता केला. बाबा मेन स्विच बंद न करताच तारांना हात घालत होते, आणि तो भारदस्त आवाज त्यांचे कौतुक करत होता.

"मरायचा ना हा!" मावशी म्हणाल्या. "आणि स्विच कुठाय बघा. हिच्या खांद्यापाशी! मेणबत्ती धरून उभी केलीय बाईला, हात वर केला असता तरी पुरलं असतं. पण तिला कोणी विचारलंच नाही!"

आधी एक आजी हसली, मग चारही, मग इंजिनियर, आणि मग हसण्याने खोली भरून गेली. मी बावीस वर्षे तो पिक्चर त्याच भिंतीवर टाकत होतो. मलाही तो स्विच कधी दिसला नव्हता.

मावशींनी डोळे पुसले. "इतकी वर्षं पोरांना हे दाखवलं मी," म्हणाल्या. "हा फ्यूज नीट बसवत नाही आणि नाव याचं." मग पेन्सिलकडे वळल्या. "लिही. सरांचंही लिही. नियम मोडून त्यांनी माझ्या हाती यंत्र दिलं, तेवढं कोण देतं? पण चालवत मी होते. हे मी स्वतःच सांगते. लाव तुझा कॅमेरा."

शनिवारचा व्हिडिओ मी पाहिला नाही, मला कोण नेणार तिथे? पण बाईंनी येऊन सांगितले, शेवटच्या मिनिटात फक्त मावशींची दोन बोटे दिसतात, मग चेहरा दिसतो, आणि तो पूर्ण चाळीस सेकंद दिसतो. पेन्सिलने मोजून ठेवला होता. इंजिनियरनेही आपणहून एक वाक्य घातले म्हणे, की हा व्हिडिओ करताना आम्ही मुलींना मोजायला बसवले होते.

त्या गुरुवारचे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे. निघताना पेन्सिलने रजिस्टर आजीपुढे धरले. मावशींनी शेवटचे जुने पान काढले. सरांच्या सहीला धक्का न लावता तिच्या शेजारी, त्याच रकान्यात, गोल ठसठशीत अक्षरात आपली सही केली. मग खाली नवी ओळ आखून तारीख घातली, 'घर आणि वीज' लिहिले, आणि पेन नातीच्या हातात दिले.

"तू कर ना आजी."

"आज यंत्र तू चालवलंस. दुसऱ्याच्या कामावर सही करायची नसते."

आता मी अडगळीत नसतो. प्रयोगशाळेत माझ्या जुन्या जागी असतो, खोळ घालून. महिन्यातून एकदा चालतो आणि आळीपाळीने सगळे मला चालवतात. माझे म्हणाल तर छान चालले आहे. तुमच्याकडे मागायचे थोडेच आहे, मित्रांनो. माझ्यासारखे कोणी तुमच्या शाळेत पडले असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा. दिव्याला बोटे लावू नका. फिल्म ताणू नका, दोन बोटे सैल सोडा. आणि अंधारात बसून समोरचा पिक्चर बघताना, सरांची क्षमा मागून सांगतो, एकदा मागे वळून बघा. दिवा डोळ्यांत जाईल थोडासा. जाऊ द्या.